दोन टोकांची सुई

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कठड्यांवरसुद्धा माणसं चढून बसली होती. चपलांचा ढीग थेट जिन्यापर्यंत गेला होता आणि त्यातून आपली जोडी परत मिळेल ना, हीच काही जणांच्या तोंडावरची खरी काळजी होती. समोर उंच स्टुलावर कापूसबाबा बसले होते. पांढरा सदरा, पांढरी दाढी, पुढ्यात पितळी ताट आणि ताटात ओल्या कापसाचे लिंबाएवढे नऊ गोळे.

"शरीर म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

"वाहती वीज!" बाजूला उभा असलेला त्यांचा चेला ओरडला.

"आणि कापूस म्हणजे काय?"

"पांढरा चुंबक!"

"काटा असो, काच असो, लोखंड असो. धातू बोलतो, मी ऐकतो. मी हाक मारतो, तो येतो. बोला, सुटला!"

"सुटला!" सगळा हॉल ओरडला. काचेला बोलता येतं का, आणि काच धातू कधीपासून झाली, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी हात जोडून बसले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या एका बाजूला सासूबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ. आम्ही तिला धाकटीच म्हणतो. तिच्या डाव्या हाताची तर्जनी सुजून केळ्यासारखी झाली होती. अंगठी साबण लावूनही निघेना, म्हणून आदल्या दिवशी सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती. सासूबाईंनी शेजारणीकडून बाबांचं नाव ऐकलं आणि आम्हा दोघींना घेऊन आल्या. दीर ट्रक घेऊन बाहेरगावी गेलेला, त्यामुळे घरात सासूबाईंच्या शब्दापुढे बोलणारं कुणी नव्हतं. तसा तो घरी असतानाही कुणी बोलत नाही.

धाकटीचा नंबर आला. बाबांनी बोट हातात घेतलं, डोळे मिटले.

"यात काय गेलंय?"

"सुई, महाराज," सासूबाईंनी सांगितलं. "मशीनची. टोचून आत तुटली."

"मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच बघत होतो."

त्यांनी ताटातला एक गोळा उचलला, बोटावर गरागरा चोळला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि एकदम हात वर केला. ओल्या कापसात चकाकणारं सुईचं टोक होतं. बोटावर नवी जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. धाकटी माझ्याकडे बघून हसली. "ताई, दुखायचं थांबलं हो! खरंच थांबलं!"

"सुटला!" हॉल दणाणला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

"आता ऐका," बाबा म्हणाले. "अकरा दिवस या बोटाला पाणी नाही, औषध नाही. आणि डॉक्टरचं हत्यार तर मुळीच नाही. सुईचं तेज अजून आत आहे. त्याला परकं लोखंड दिसलं की ते घाबरून थेट हृदयाकडे धावतं. मग मला बोलावू नका."

धाकटीनं टोक कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. बाबा सहसा काढलेली वस्तू देत नसत, पण तिनं पायाच धरले. "महाराज, ते मला वहीत लावायचंय. त्याशिवाय माझं मशीन मला मिळायचं नाही."

बाबांना यातलं काही कळलं नसावं, नाहीतर त्यांनी ते टोक जन्मात दिलं नसतं.

ही वही काय आहे, ते आता सांगते. आम्ही दोघी शिलाईच्या एकाच कारखान्यात आहोत. तिथे लहान मुलांचे शर्ट शिवतात. धाकटी कॉलर शिवते. तिच्यासारखी कॉलर त्या मजल्यावर कुणालाही जमत नाही, हे मोजमापाच्या बाबतीत कुणाचंही कौतुक न करणारे मास्तरसुद्धा मान्य करतात. माझ्याकडे सुयांचं कपाट आहे. म्हणून तिथे सगळ्या मला सुईताई म्हणतात.

लहान मुलाच्या शर्टात सुईचा तुकडा राहून गेला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून नियम कडक. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे माझ्याकडे आणायचे. मी ते वहीच्या पानावर एकाखाली एक मांडून चिकटपट्टीनं बसवायचे. बूड, दांडा, टोक. पूर्ण सुई दिसली तरच नवी सुई द्यायची. एखादा तुकडा कमी असला तर मशीन बंद. जमीन झाडायची, त्या गठ्ठ्यातला प्रत्येक कपडा तपासायचा. तपासायला एक यंत्र आहे, लाटण्याएवढं. कपड्यावरून फिरवलं आणि आत धातू असला की ते कानठळ्या बसतील असं ओरडतं. आम्ही त्याला पिपाणी म्हणतो. त्याच्यापायी मजल्यावर कुणी बांगड्या घालत नाही, पदराला पिनही लावत नाही.

सोमवारी कॉलर फिरवताना धाकटीचं बोट सुईखाली आलं. तिनं ओरडायच्या आधी पायाखालचं पॅडल सोडलं. सुईचं बूड मशीनमध्येच राहिलं होतं. टोक बोटाच्या पलीकडून निघून पत्र्यावर पडलं होतं, नेढ्यापाशी तुटून. मधला दांडा, नखभर लांबीचा, तेवढा सापडेना.

मग आम्ही काय केलं? तिनं बोटाला चिंधी गुंडाळली. "टोक मिळालंय, म्हणजे सुई आरपार गेली आणि बाहेर पडली," असं मास्तर म्हणाले, मी म्हणाले, तीही म्हणाली. मग जमीन झाडली. केराची बादली उपडी केली. बासष्ट कॉलरवरून पिपाणी फिरवली, दोनदा. शेजारणीच्या पिशवीवरून फिरवली. माझ्या जेवणाच्या डब्यावरूनसुद्धा फिरवली, आणि तो वाजला तेव्हा सगळ्या हसल्या. शेवटी मी वहीत लाल शाईनं लिहिलं, "मधला तुकडा सापडला नाही." धाकटीला दोरे कापायला बसवलं.

बोटावरून मात्र पिपाणी कुणीही फिरवली नाही. नियमात बोट नव्हतंच. कपड्यात सुई राहू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. माणसात राहिली तर काय करायचं, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलेलं आम्हाला सुचलं नाही.

बाबांकडे गेलो तो गुरुवार. शुक्रवारी सकाळी धाकटी टवटवीत चेहऱ्यानं कपाटापाशी आली आणि पुडी माझ्या हातात ठेवली.

"लावा ताई वहीत. आणि द्या नवी सुई. दोरे कापून कापून कंटाळा आला."

मी सोमवारचं पान उघडलं. वरती बूड होतं. खाली टोक होतं. मध्ये बोटभर रुंद मोकळी जागा. पुडीतला तुकडा चिमट्यानं उचलून त्या जागेवर ठेवला आणि मी तशीच बघत राहिले.

"काय झालं?"

"अगं, हेही टोकच आहे."

"मग? टोकच निघालं ना. सगळ्यांनी बघितलं."

"टोक सोमवारीच मिळालंय. हे बघ. गेला होता तो दांडा. त्याला अणी नसणार. एका अंगाला अर्धं नेढं असणार." मी वही तिच्याकडे फिरवली. "आता ही सुई बघ. हिला दोन टोकं झाली."

तिनं बघितलं. शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या. काज करणारी फिसकन हसली. "दोन टोकांची सुई! येताना पण शिवते आणि जाताना पण!"

"आणि हे मशीनच्या सुईचं नाहीच," दुसरी म्हणाली. "हे हातशिलाईच्या सुईचं आहे. आमच्या आईकडे आहेत असल्या."

धाकटीचा चेहरा उतरला. "पण मग दुखायचं कसं थांबलं?"

मी कपाटातून पिपाणी काढली. तिचा हात टेबलावर ठेवला. हाताच्या कोपरापासून सावकाश खाली आणली. मनगट गप्प. तळवा गप्प. तर्जनीच्या मधल्या पेरावर आली आणि पिपाणी अशी ओरडली की मजल्यावरची सगळी मशीनं थांबली.

मास्तर धावत आले. "कुठल्या गठ्ठ्यात?"

"गठ्ठ्यात नाही, मास्तर," मी म्हणाले. "हिच्यात."

तेव्हा कुठे मी चिंधी नीट सोडून बघितली. बोट दुखत नव्हतं, पण वाकतही नव्हतं. सूज आता तळव्यात पसरली होती, आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं कोपराच्या दिशेला एक तांबडी रेघ निघाली होती. काल ती रेघ नव्हती.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल," मी म्हणाले.

धाकटीनं हात मागे घेतला. "नको ताई. हत्याराला बघून ते हृदयाकडे धावलं तर? महाराजांनी बजावून सांगितलंय. आई पण ऐकणार नाहीत. मला दोन लेकरं आहेत."

"म्हणूनच म्हणतेय ना."

"तुम्ही एवढ्या देवाच्या, आणि तुम्हीच असं म्हणता?"

ते मला लागलं. रोज पहाटे माझा नेम झाल्याशिवाय मी चहाचा घोट घेत नाही, सतरा वर्षं त्यात एक दिवस खंड नाही. पण माझ्या नेमात कापसाचा गोळा कुठेच नाही. मी म्हणाले, "देवावर माझा विश्वास आहे, म्हणून बाबांना दोन प्रश्न विचारायला मला भीती वाटत नाही. चल. ते आत्ता हॉलमध्ये असतील. त्यांच्यासमोर पिपाणी वाजली नाही, तर मी तुला दवाखान्याचं नाव काढणार नाही. वाजली, तर तिथून सरळ दवाखाना. कबूल?"

तिनं मान हलवली.

"यंत्र कारखान्याबाहेर नेता येत नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी टोपी घातली. "मग यंत्राबरोबर मी येतो. यंत्र माझ्या ताब्यात आहे, म्हणजे ते कारखान्यातच आहे."

आमच्याबरोबर काज करणारी आणि आणखी तिघी निघाल्या. मास्तरांनी त्यांना अडवलं नाही. ते स्वतःच पुढे पळत होते.

हॉलमध्ये कालच्याएवढीच गर्दी होती. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, आभार मानायला आलेल्या. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला. "आलात? या, या. मी सगळ्यांना सांगतेय आपल्या धाकटीचं."

मी पुढे गेले. माझा आवाज मुळातच लहान. घरात मी बोलले तर पंख्याचा आवाज मोठा वाटतो. "महाराज," मी म्हणाले, "काल तुम्ही जे टोक काढलंत ते आमच्या सुईचं नाही."

"काय म्हणते ही बाई? मोठ्यानं बोला!" चेला म्हणाला.

"म्हणते की टोक आमच्या सुईचं नाही!" काज करणारीनं मागून आवाज लावला. तिला दिवसभर मशीनवरून ओरडायची सवय आहे.

बाबा हसले. "माते, सुई कुणाचीच नसते. आपण सगळे एकाच धाग्यातले."

लोकांनी माना डोलावल्या. बोलणं सुंदर होतं, यात वाद नाही.

"बरोबर," मी म्हणाले. "पण मग एक करता का? बोट धरायच्या आधी तो कापसाचा गोळा आम्हाला बघू द्या."

"कापसाला परकी नजर चालत नाही."

"नजर नाही लावत. मी डोळे मिटते." मी खरंच डोळे मिटले आणि पिपाणी ताटावर धरली.

ती किंचाळली. पहिल्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

"ताट वाजतंय!" चेला ओरडला. "ताट पितळेचं आहे!"

"खरंच की गं," सासूबाई म्हणाल्या. "थोरले, ताट धातूचंच असणार ना. असं काय करतेस चारचौघांत?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी गडबडले. पण मास्तर सरसावले. माप चुकीचं असलं की त्यांना राहवत नाही. "बरोबर आहे आजींचं. ताट बाजूला. गोळे एकेक करून हातावर घ्यायचे."

"हात लावू नका! भस्म होईल!"

"माझा हात आहे, माझं मी बघते," काज करणारी म्हणाली, आणि बाबांनी ताट ओढायच्या आत तिनं पहिला गोळा तळहातावर घेतला. पिपाणी गप्प. "नाही." दुसरा. गप्प. "नाही." तिसरा गोळा घेतला आणि पिपाणी ओरडली.

"हातात बांगडी आहे तिच्या!" चेला.

तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या. मनगटं मोकळी. "दादा, आम्ही कारखान्यातल्या. आमच्याकडे बांगडी वाजली की पगार वाजत नाही, बिनपगारी घरी पाठवतात."

हॉलमध्ये हशा पिकला. हसू आलं की माणसं थोडी मोकळी होतात. मागचे लोक उभे राहून बघायला लागले. नऊपैकी तीन गोळे वाजले. मास्तरांनी पहिला वाजलेला गोळा पिंजला. आत मेणाचा वाटाणा होता, आणि मेणात रोवलेलं सुईचं टोक. बोटानं दाबलं की मेण मागे सरकायचं आणि टोक कापसाच्या बाहेर डोकं काढायचं.

कुणाला तरी राहवलं नाही. न वाजलेले गोळे भराभर फोडले गेले. एकात बाभळीचा काटा. एकात काचेची कपची. एकात गव्हाएवढा खडा. सगळे मेणात नीट बसवलेले.

"म्हणजे अजून नंबर लागलेला नाही, आणि काटा आधीच निघून तयार?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"हे कालचे आहेत," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता माझ्याएवढा झाला होता. "काल ओढलेले. जपून ठेवले होते."

"आमचं कालचं टोक तर आम्ही पुडीत नेलं ना," मी म्हणाले. "आणि कालचे असतील तर आज ओल्या कापसात, मेणासकट, ओळीनं कसे?"

पुढच्या रांगेतला एक माणूस एकदम पायाकडे बघायला लागला. "अहो, म्हणजे माझी काच अजून आतच आहे की काय? आज सहावा दिवस!" आणि तो मास्तरांपुढे पाय करून बसला. मास्तर म्हणाले, "दादा, हे काचेला वाजत नाही. तुम्ही दवाखाना गाठा."

सासूबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ते दे इकडे."

मी पिपाणी दिली. त्यांनी चष्मा नीट केला, धाकटीचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि पिपाणी तिच्या बोटावर धरली. ती ओरडली. त्यांनी बाजूला घेतली, ती थांबली. पुन्हा धरली, पुन्हा ओरडली. असं त्यांनी चार वेळा केलं. मग मनगटावरची तांबडी रेघ त्यांना दिसली. त्यांनी पदरानं पुसून बघितली. ती पुसली गेली नाही.

"आई," धाकटी म्हणाली, "पण हृदयाकडे..."

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "ज्याला कापसातली सुई कुठे आहे ते लपवता येईना, त्याला तुझ्या हृदयाचं काय कळतंय? चल."

जाताना मी कापसाचा एक गोळा रुमालात गुंडाळून घेतला. बाबांना विचारायचं राहून गेलं, कारण स्टूल रिकामं होतं. धातू बोलत असताना ते ऐकायला थांबले नाहीत. ते मागच्या दारानं गेले, चेला जिन्यानं. घाईत तो चपला मात्र दुसऱ्याच कुणाच्या घालून गेला, त्यावरून जिन्यात बराच वेळ भांडण चाललं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट बघितलं, वाकवायचा प्रयत्न केला आणि दुसरं काही न विचारता फोटो काढायला पाठवलं. काळ्या काचेवर बोटाची हाडं करडी दिसत होती आणि त्यांच्या शेजारी एक बारीक, लख्ख पांढरी रेघ.

"ही सोमवारपासून आत आहे?"

"हो."

"आणि हिला दुखत नव्हतं?"

मी रुमालातला गोळा पुढे केला. बाईंनी तो हुंगला, मग हातमोजा घालून आपल्या ओठाला किंचित लावला आणि तोंड वाकडं केलं. "तपासून घेते, पण हे बधिर करायचं औषध दिसतंय. दात काढताना लावतात त्यातलं. उघड्या जखमेवर चोळलं की तासभर काही कळत नाही. घरी काही दिलंय का?"

धाकटीनं कमरेची पुडी काढली. त्यात बाबांच्या चेल्यानं प्रसाद म्हणून दिलेली साखरेसारखी पांढरी पूड होती, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर घ्यायची. बाईंनी तीही ठेवून घेतली. चार दिवसांनी कळलं की ती वेदना मारायच्या गोळ्यांची भुकटी होती, पिठीसाखर घातलेली.

सासूबाईंना सगळं समजून घ्यायचं होतं. "म्हणजे त्यानं दुखणं काढलं, आणि दुखण्याचं कारण आत ठेवलं?"

"अगदी बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "दुखणं हा पहारेकरी आहे हो, आजी. चोर घरात शिरल्यावर तो ओरडत होता. यांनी पहारेकऱ्याला झोपवलं. चोर आतच. बोट वाकवणारी दोरी असते ना, तिच्या म्यानात पू झालाय. तो म्यानातून तळहातावर उतरलाय, आणि ही रेघ सांगतेय की विष वर चढायला लागलंय. अजून दोन दिवस काढले असते तर बोट ठेवता आलं नसतं. अकरा दिवस काढले असते..." त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि वाक्य पुरं केलं नाही. "सुई काही हृदयाकडे धावत नसते. पण रक्तात विष भिनलं की ते सगळीकडे जातं, हृदयालाही सोडत नाही. चला, तयारी करा."

त्याच संध्याकाळी बोट उघडलं, पू काढला, धुतलं. मी आणि सासूबाई बाहेर बाकावर बसलो होतो. मी मनात माझं नाम घेत होते. सासूबाईंनी विचारलं, "काय मागतेस गं?" मी म्हणाले, "बाईंचा हात स्थिर राहू दे, एवढंच." त्या म्हणाल्या, "माझ्या वाटचंही माग. माझ्या तोंडून आज काही निघत नाही."

तासाभरानं परिचारिकेनं एका बाटलीत तुकडा आणून दाखवला. नखभर लांबीचा काळपट दांडा. एका अंगाला अर्धं नेढं. सोमवारी पहिल्याच तासाला दवाखान्यात गेलो असतो, तर बाईंनी तो पाच मिनिटांत काढला असता, दोन टाके घातले असते, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं असतं आणि मंगळवारी सुट्टी. त्याऐवजी आठ दिवस दवाखाना, दोनदा बोट धुणं आणि दीड महिना रोज व्यायाम. गरम पाण्यात हात ठेवून बोट वाकवायचं. धाकटी रडत वाकवायची, आणि सासूबाई समोर बसून मोजायच्या. "अठरा, एकोणीस. रडत रडत केलं तरी वीसच लागतात, कर."

बोट वाचलं. शेवटचं पेर पूर्ण मिटत नाही, आणि बाई म्हणतात तेवढं राहणार. आता कॉलर शिवताना ती मधलं बोट पुढे करते. पहिले पंधरा दिवस तिच्या कॉलरी वाकड्या आल्या आणि मास्तरांनी एकही परत केली नाही, स्वतः बसून उसवल्या. आमच्या नियमांच्या पाटीवर त्यांनी हातानं एक ओळ लिहिली आहे: "तुकडा सापडला नाही तर आधी माणूस तपासा, मग कपडा." अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

मग मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना कारखान्यात बोलावलं. सुई लागली तर काय करायचं, हे बाईंनी अर्धा तास सांगायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. कारण बोलणं संपलं आणि इस्त्रीवाला पुढे आला. त्याच्या कोपराखाली भाजलेलं होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं, त्यावर त्यानं टूथपेस्ट थापली होती आणि लांब बाही घालून झाकलं होतं. मग कापणीवाली आली, कात्रीनं चिरलेलं, हळद भरून चिंधी बांधलेलं. एकीच्या डोक्यावर गठ्ठा पडला होता आणि तेव्हापासून तिला सकाळी उलटी व्हायची. तिला बाईंनी आपल्या गाडीतून लगेच दवाखान्यात पाठवलं. "सांगितलं का नाही?" म्हणून विचारलं की सगळ्यांचं एकच. "एवढ्याशाचं काय सांगायचं?"

सासूबाई त्या दिवशी धाकटीचा डबा घेऊन आल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या हळूच बाईंसमोर बसल्या आणि उजवा हात पुढे केला. "न्हाणीघरात पडले होते. चार महिने झाले. घरात कुणाला बोलले नाही. पीळ घालता येत नाही कपड्याला."

बाईंनी मनगट चाचपलं. "मोडलं होतं, आजी. वाकडंच जुळलंय."

"म्हणजे मी चार महिने मोडक्या हातानं पोळ्या लाटल्या?"

"लाटल्यात."

"तरीच गोल येईनात," सासूबाई म्हणाल्या. मी आणि धाकटी हसलो, आणि हसता हसता धाकटीनं त्यांचा तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला, तो बाई जाईपर्यंत सोडला नाही. मलाही त्या वेड्यावाकड्या पोळ्या आठवत होत्या. रोज जेवताना मी त्या बघत होते आणि मला काही सुचलं नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. तुमचा नेम, तुमचा उपास, तुमची प्रार्थना तुमच्याजवळ असू द्या. माझी माझ्याजवळ आहे, आणि ती मी एक दिवसही सोडणार नाही. पण जखम झाली की आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा. आत काही राहिलंय असं वाटलं, सूज वाढली, सांधा वाकेना, ताप आला, रेघ निघाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागला तर वाट बघूच नका. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका. आणि कुणी तुमच्या अंगातून काही ओढून दाखवलं, तर त्याच्या हातात ते आधीपासून होतं का, एवढं एक विचारा. खऱ्याला त्याचा राग येत नाही. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं होतं की कापायच्या आधी चिमटा दाखवा. त्यांनी दाखवला, उलटापालटा करून.

सासूबाई आता आठवड्यातून दोनदा मनगटासाठी दवाखान्यात जातात. आपला नंबर येईपर्यंत त्यांना स्वस्थ बसवत नाही. कुणी दारातून हात लपवत आला की त्या त्याला आपल्या शेजारी जागा करून देतात आणि म्हणतात, "चिंधी सोडून बस बाबा. इथे झाकलेलं तपासत नाहीत. आणि ओरडायचं असेल तर ओरड, आतल्या बाईंना त्यावरूनच कळतं."